भोंग्यापासून उंबरठ्यापर्यंत
(सोलापुरातील बालमजुरीचा इतिहास आणि आपण)

सोलापूरच्या जुन्या पिढीला घड्याळाची फारशी गरज पडत नसे. गिरण्यांचा भोंगा झाला की शहर जागे होई, भोंगा झाला की भाकरीची फडकी सुटत आणि भोंगा झाला की दिवस मावळे. त्या भोंग्याविषयी वडीलधारी माणसे आजही मायेने बोलतात, आणि ते स्वाभाविक आहे. त्या गिरण्यांनी हजारो कुटुंबांना अन्न दिले. परंतु पहाटेच्या अंधारात त्या आवाजाच्या दिशेने जी पावले चालत, त्यांत काही पावले फार लहान होती, ही गोष्ट आठवणींत सहसा येत नाही. ती लहान पावले गिरणीत कशी गेली, तेथून बाहेर कशी आली आणि बाहेर पडून कोठे नाहीशी झाली, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे. ती शाळेतच गेली असे आपण समजून चालतो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

गिरणीतील मुले

१८६० साली रेल्वे सोलापुरात आली. कापसाचा प्रदेश, हातमागाची जुनी परंपरा आणि मुंबईशी जोडणारा लोहमार्ग या तिन्हींमुळे येथे गिरणी निघणे क्रमप्राप्त होते. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, १८७७ च्या सुमारास सुरू झाली. तो काळ महादुष्काळाचा होता. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन होरपळून निघाले. शेत पिकत नव्हते, सावकार दाराशी होता आणि शहरात रोख मजुरी मिळत होती. खेड्यांतून माणसे आली ती कुटुंबेच्या कुटुंबे. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि सोलापूर हे गिरणगाव झाले.

सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या लावण्याचे काम मुलांकडे असे. ‘मुलांची बोटे नाजूक असतात, त्यांनाच हे काम जमते’ असे तेव्हा सांगितले जाई. खरे कारण साधे होते. मुलाची मजुरी कमी असते, आणि मूल उलट उत्तर देत नाही. हवेत कापसाचे तंतू, कानांत यंत्रांचा घरघराट आणि पायांत दिवसभराची धावपळ, असे ते बालपण होते.

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करणे ही त्या काळी सुधारणा होती! १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली. १९११ साली कापड गिरण्यांत हे तास सहावर आले. १९२२ साली किमान वय बारा झाले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ते चौदा केले. सातापासून चौदापर्यंतची ही सात वर्षांची चढण चढायला आपल्याला सदुसष्ट वर्षे लागली.

कायदा कोणी आणला?

कायदे सरकार करते, हे खरे. पण सरकारला कोणीतरी हलवावे लागते. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी गिरण्यांतील स्त्रिया व मुले यांच्या स्थितीकडे लक्ष वेधले आणि १८७८ साली कायद्याचा मसुदा तयार केला. त्यांना विरोध केवळ मालकांचा नव्हता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना येथील गिरण्यांची स्पर्धा नकोशी झाली होती आणि तेही अशा कायद्याचा आग्रह धरीत होते. त्यामुळे आपल्याकडील अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांना हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडविण्याचा डाव वाटला. तो संशय अगदीच निराधार नव्हता. मात्र त्या वादाच्या धुरळ्यात सात वर्षांचे मूल दिसेनासे झाले, हेही तितकेच खरे.

दुसरे नाव नारायण मेघाजी लोखंडे यांचे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांच्या अर्जाखाली सुमारे साडेपाच हजार कामगारांनी नावे घातली. १८९० च्या एप्रिलमध्ये भरलेल्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली, आणि त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी आपण निवांतपणे मिस्सेला जातो. त्या रविवारची सुट्टी येथील कष्टकऱ्यांना कोणी मिळवून दिली, याची आठवण क्वचितच होते. ज्यांना पुरते लिहिता येत नव्हते अशा माणसांनी कागदावर निशाणी केली, म्हणून ती मिळाली.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. कायदा झाला तशा पळवाटाही निघाल्या. मुलाचे वय डॉक्टरने ठरवायचे असे. वय वाढवून सांगणारे मुकादम होते, तसे वय वाढवून सांगणारे आईबापही होते. मुंबई आणि अहमदाबादसारख्या गिरणगावांत एका गिरणीत अर्धा दिवस काम करून दुसऱ्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत उरलेला अर्धा दिवस राबणारी मुले सापडत. त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीचा हिशेब मुलाच्या मजुरीसकट मांडलेला असतो, त्या घराला नुसती मनाई पुरत नाही, हा धडा तेथूनच मिळतो.

हा धडा ज्यांना उमगला, त्यांनी शाळेचा आग्रह धरला. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९१२ साली ते फेटाळले गेले. विरोधकांत मोठे जमीनदारही होते, कारण शाळेत गेलेले मूल शेतावर येणार नव्हते. कोल्हापुरात मात्र छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुलाला कामावरून काढणे आणि त्याला शाळेत बसविणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे त्या संस्थानात तेव्हाच ओळखले गेले होते.

गिरणीबाहेर, घराच्या आत

येथपर्यंतची कथा सुधारणेची वाटते. परंतु कारखाना कायद्याला एक उंबरठा होता. १८८१ चा कायदा शंभर कामगार आणि यंत्रशक्ती असलेल्या कारखान्यालाच लागू होता. १८९१ साली ही संख्या पन्नास झाली, १९२२ साली वीस. त्याहून लहान जागा, आणि जेथे वाफेचे वा विजेचे यंत्र नाही त्या जागा, कायद्याच्या नजरेत नव्हत्या. सोलापुरात अशा जागा गल्लोगल्ली होत्या.

हातमागाचेच पाहा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराला चादर दिली आणि चादरीने शहराला नाव दिले. माग घरात किंवा घराशेजारच्या खोलीत असे. बाप विणी, आई सूत उकली आणि मूल कांड्या भरी. बापाचा धोटा थांबू नये म्हणून मुलाचा हात थांबायचा नाही. याला कोणी मजुरी म्हणत नसे, घरचे काम म्हणत. त्यातून कितीतरी मुले उत्तम कसब शिकली हे नाकारता येणार नाही. पण अक्षर शिकायचे राहून गेले, हेही नाकारता येणार नाही.

दुसरा धंदा विडीचा. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात विडीच्या कारखान्यांतील मुलांची जी स्थिती नोंदविली, ती आजही अंगावर काटा आणते. पाच वर्षांची मुले, दहा-बारा तास काम, जेवणाची नीट सुट्टी नाही आणि मजुरी दोन आण्यांइतकी कमी! आगाऊ रक्कम घेऊन मुलाचे श्रम गहाण टाकण्याची चालही आयोगाला आढळली. त्यातून १९३३ साली असे करार रद्दबातल ठरविणारा कायदा झाला. १९३८ साली ज्या धंद्यांत लहान मुलांना मनाई झाली, त्यांत विडीही होती. पण त्याच कायद्यात एक वाक्य होते : मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने जेथे काम करतो, त्या जागेला ही मनाई लागू नाही.

त्या एका वाक्यातून पुढचा अर्धा इतिहास बाहेर पडला. १९४८ च्या कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या पण वीस कामगार असलेल्या जागाही कारखाना ठरविल्या, तेव्हा देशभर विडीमालकांनी मोठ्या जागा मोडून काम घरोघर वाटायला सुरुवात केली. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून मान्यता दिली, ही मोठीच गोष्ट झाली. त्याने कारखान्याच्या जागेत मुलांना मनाईही केली. परंतु घर म्हणजे कारखाना नव्हे. तेथे निरीक्षक शिरणार कसा?

सोलापुरातील हजारो स्त्रियांचा दिवस कसा जातो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजेल. कंपनीच्या ब्रँचमधून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. मजुरी हजारावर. त्यातही छाट निघाली तर ती गेली. हजार विड्या एकटीच्या हाताने वळायच्या म्हणजे दिवस पुरत नाही, म्हणून शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून दोरा बांधायला बसते. पुढे परीक्षेच्या दिवसांतही बसते. मग धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही म्हणून शाळाच सुटते. कोणी तिला कामाला लावले, असा एकही क्षण दाखविता येत नाही. तिच्या आईलाही तो दाखविता येणार नाही, कारण तीही अशीच बसली होती.

१९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीचा धंदा मुलांसाठी धोक्याचा ठरविला, पण कुटुंबाच्या जागेला दिलेली सूट तशीच ठेवली. १९८८ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प हाती घेतला, आणि पुढे ज्या जिल्ह्यांत तो राबविला गेला त्यांत सोलापूर होते. कामावरून काढलेल्या मुलांसाठी विशेष शाळा निघाल्या. तेथे जेवण, आरोग्यतपासणी आणि विद्यावेतन मिळे. १० डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या धंद्यात मूल ठेवणाऱ्या मालकाकडून प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये वसूल करून ते त्या मुलाच्या कल्याणासाठी वापरण्यास सांगितले. त्या मुलाच्या घरातील एका प्रौढ माणसाला काम देण्याचा विचारही त्या निकालात होता. २००६ च्या ऑक्टोबरात घरकाम आणि हॉटेले यांत मुले ठेवण्यास मनाई झाली. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कोठल्याही धंद्यात ठेवणे गुन्हा ठरले. धोक्याचे नसेल असे घरचे काम शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत करण्याची मुभा मात्र राहिली. २०२१ पासून विशेष शाळांचे कार्य समग्र शिक्षा अभियानात विलीन झाले.

या प्रयत्नांना यश आले नाही असे नाही. २००१ च्या जनगणनेत पाच ते चौदा वर्षांची सुमारे १ कोटी २६ लाख मुले काम करताना आढळली होती. २०११ साली हा आकडा सुमारे १ कोटी १ लाखावर आला. पण एक कोटी म्हणजे काही थोडी मुले नव्हेत. आणि आईशेजारी बसून दोरा बांधणारी मुलगी त्या मोजणीत धरली गेली असेल का, हा प्रश्न उरतोच.

आपण काय करायचे?

या सर्व इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट ठळकपणे दिसते. कायद्याने एक दार बंद केले की मूल शाळेत गेले, असे दरवेळी घडले नाही. पुष्कळदा ते पुढच्या, अधिक अंधाऱ्या खोलीत गेले : गिरणीतून मागावर, मागावरून विडीच्या कारखान्यात आणि कारखान्यातून घरात. कायदा उंबरठ्याशी थांबतो. उंबरठ्याच्या आत जाऊ शकतो तो शेजारी. म्हणून शेवटचा टप्पा सामान्य माणसांचा आहे.

१८९१ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी हिंदुस्थानच्या सरकारने नऊ वर्षांच्या मुलाला गिरणीत जाण्याची मुभा देणारा कायदा केला. इंग्लंडने हेच वय आपल्या गिरण्यांसाठी १८३३ साली ठरविले होते. त्याच १८९१ च्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. मुलांचे शरीर आणि मन पुरेसे वाढल्याखेरीज त्यांना कारखान्यात घालू नये, असे त्यात बजावलेले आहे. पुढे बेल्जियममध्ये जोसेफ कार्डिन या धर्मगुरूंनी तरुण कामगारांची संघटना बांधली. आपण सेमिनरीत गेलो आणि बरोबरीचे सवंगडी कोवळ्या वयात कारखान्यात गेले, हे शल्य त्यांच्या मनात होते. १९२५ साली आकाराला आलेल्या त्या संघटनेची शिकवण तीन शब्दांची : पाहा, पारखा, पाऊल उचला. आमच्या मते सोलापूरच्या प्रश्नाला ती नेमकी लागू पडते.

पाहणे सर्वांत अवघड, कारण आपल्याला न पाहण्याची सवय झालेली असते. आम्ही हे दुसऱ्यांवर बोट रोखून म्हणत नाही. लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून विडीचे बंडल आणायला आम्हीच धावत असू. त्यावरचा इवलासा दोरा कोणाच्या बोटांनी बांधला, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. पुढे मोठेपणी हॉटेलात चहा आणून देणाऱ्या पोऱ्याला ‘काय रे, शाळेत जात नाहीस का?’ असे आम्ही विचारले आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता चहा संपविला. त्या चहाची आठवण अजून बोचते. प्रश्न विचारला म्हणजे कर्तव्य झाले, अशी आमची समजूत होती.

पारखणे म्हणजे कारण शोधणे. शेजारची मुलगी आठवडाभर शाळेत दिसली नाही, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आली नाही, तर हजेरीपटावर फुली पडते आणि विषय संपतो. त्याऐवजी घरी जाऊन चौकशी करावी. घरात जाताना शिक्षेचा सूर नको. आई वैरीण नसते. ती हजाराच्या हिशेबात अडकलेली असते. बहुधा असे आढळेल की कोणी आजारी आहे, धाकटे मूल सांभाळायचे आहे, उचल फेडायची आहे किंवा एखादा दाखला नाही म्हणून प्रवेश अडला आहे.

आणि पाऊल उचलणे म्हणजे त्या कारणावर इलाज करणे. धाकट्या भावंडामुळे मुलगी अडकली असेल तर वस्तीत बालवाडी हवी. घरात दिवा आणि जागा नसेल तर धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालू शकते. तिला पैसा थोडा आणि माणसे जास्त लागतात. विडी कामगारांच्या मुलांसाठी शासनाची शिष्यवृत्ती आहे, पण ती मिळण्यासाठी आईचे ओळखपत्र, बँकेचे खाते आणि अर्ज लागतो. आपल्या घरांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले आहेत. एका अर्जामागे एक तास दिला तरी एखादे वर्ष वाचते. आपल्या घरी कोवळ्या वयाची मुलगी कामाला ठेवू नये, हे तर सांगण्याची गरज नसावी. ‘आम्ही तिला पोटच्या पोरीसारखे वागवतो’ या समर्थनाला एकच कसोटी आहे : पोटची पोर या वेळी कोठे असते? आणि जेथे मुलाला मारहाण होते आहे, डांबून ठेवले आहे असे दिसेल, तेथे भीड न धरता १०९८ या क्रमांकावर कळवावे.

यापलीकडचीही एक गोष्ट सोलापूरच्याच स्त्रियांनी शिकविली आहे. विडी कामगार स्त्रिया संघटित झाल्या, वर्षानुवर्षे मोर्चे काढले, पै-पै जमविली, आणि कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली ती घरे त्यांच्या हाती आली. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामाशी कोणाचे राजकीय मतभेद असू शकतील. पण ज्या आईला हक्काचे घर आणि रास्त मजुरी मिळते, तिला मुलीच्या हातांची गरज कमी पडते, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. मुलाच्या सुटकेची वाट आईच्या मजुरीवरून जाते. म्हणून त्यांच्या रास्त मजुरीच्या मागणीला आपला पाठिंबा असणे, हेही बालमजुरी संपविण्याचेच काम आहे.

गिरण्यांचे ते भोंगे आता इतिहासजमा झाले. मुलांना कामावर बोलाविणारा आवाज आज ऐकू येत नाही, म्हणून ती कामावर जात नाहीत असा आपला समज होतो. १८८४ साली साडेपाच हजार अनामिक माणसांनी एका कागदावर नावे घातली आणि काही वर्षांत सर्वांचा रविवार बदलला. आपल्या वाट्याला आलेला कागद त्याहून लहान आहे. शेजारच्या मुलीचा प्रवेशअर्ज आहे तो. तो भरायला या आठवड्यात वेळ काढता आला, तर इतिहास वाचल्याचे सार्थक होईल.